छातीच्या व्यायामाने दम वाढतोय? या चुका टाळा

सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्णाला व्यायाम सांगितला की तो आधी छाती फुगवून भलामोठा श्वास घेतो. घोळ इथेच होतो. या आजारात आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसं फुगून राहतात, श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू) चपटं होतं. भरलेल्या पोत्यात आणखी कोंबलं तर दम लागणारच. तेव्हा लक्ष श्वास सोडण्याकडे हवं. नाकाने घ्या आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून दुप्पट वेळ सावकाश सोडा. जोराने फुंकू नका, त्याने बारीक श्वासनळ्या दबतात आणि हवा उलट अडकते.

‘पोटाने श्वास घ्या’ हेही सरसकट सगळ्यांना लागू नाही. फुप्फुसं फार फुगलेली असतील तर त्याने दम वाढू शकतो. तसं झालं तर सोडून द्या.

धड वळवताना, बाजूला झुकताना बरेच जण नकळत श्वास रोखतात. जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा. हात वर नेले की दम जास्त लागतो, कारण श्वासाला मदत करणारे मानेखांद्याचे स्नायू दुसऱ्या कामाला जुंपले जातात. असे व्यायाम थोडे-थोडे, मध्ये थांबून करा. वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. तिथे झटके आणि पिळे नकोत.

पण माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एवढ्यावरच थांबणं. छाती मोकळी झाली की बरं वाटतं, खरं आहे. पल्मनरी रिहॅबचा (फुप्फुसांच्या रुग्णांसाठीच्या देखरेखीखालच्या व्यायाम-कार्यक्रमाचा) कणा मात्र पायांत आहे: चालणं, खुर्चीतून उठबस, सायकल. दमाला 0 ते 10 गुण दिले तर 4 ते 6 पर्यंत जायला हवं. दम लागूच न देता केलेल्या व्यायामाचा फारसा उपयोग नाही. कार्यक्रम साधारण 6 ते 12 आठवड्यांचा असतो. शेवटी स्पायरोमेट्रीचा (फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीचा) आकडा जवळपास तसाच दिसतो, आणि तो पाहून लोक हिरमुसतात. फरक पाहायचा तो 6 मिनिटांत किती चाललात यात.

डॉक्टरांनी व्यायामाआधी पंप (इनहेलर) सांगितला असेल तर तो 15-20 मिनिटं आधी घ्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 88 टक्क्यांखाली गेला, छातीत दुखलं किंवा गरगरलं तर थांबा. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर चुकू शकतो. फुप्फुसांच्या फायब्रोसिसमध्ये (फुप्फुसं कडक होण्याचा आजार) ऑक्सिजन चालताना झपाट्याने उतरतो. बसल्या जागीचं रीडिंग पाहून तिथे निर्धास्त राहू नका.

आजार बळावून दवाखान्यात राहून आलात तर ‘पूर्ण बरं वाटलं की सुरू करू’ म्हणत बसू नका. पायांतली ताकद त्याच दिवसांत भराभर जाते. घरी आल्यावर 4 आठवड्यांच्या आत रिहॅब सुरू व्हायला हवं.