सिटी हॉलकडून १५ ऑगस्टचं घोषणापत्र कसं मिळवावं: अमेरिकेतल्या मंडळांसाठी

"आपल्या शहरानं १५ ऑगस्टला मान्यता दिली" असा निरोप मंडळाच्या ग्रुपवर फिरतो, तेव्हा त्याचा अर्थ तीनपैकी काहीही असू शकतो. मेयर किंवा गव्हर्नरच्या सहीचं प्रोक्लमेशन, म्हणजे घोषणापत्र, हे मानाचं असतं. त्याला कायद्याचं बळ नसतं. कौन्सिलनं मतदान करून केलेला ठराव थोडा वजनदार, पण सुट्टी त्यानंही मिळत नाही. तिसरा प्रकार कायद्याचा. पेनसिल्वेनियात ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळी कायद्यानं राज्याची अधिकृत सुट्टी झाली, तरी शाळा-कचेऱ्या बंद ठेवायची सक्ती त्यात नाही. वॉशिंग्टनच्या नादी लागू नका. असे 'अमुक दिवस' ठरवणारे ठराव मांडायलाच प्रतिनिधिगृहानं १९९५ पासून बंदी केली आहे. मंडळानं मागायचं ते शहराचं घोषणापत्र, आणि जमलं तर सिटी हॉलसमोर तिरंगा.

अर्ज मेयरच्या कार्यालयात किंवा सिटी क्लर्ककडे जातो. अर्जावर त्याच शहरात राहणाऱ्या माणसाचं नाव आणि पत्ता घाला. शेजारच्या गावातल्या अध्यक्षांच्या सहीवरून अर्ज परत येऊ शकतो. मुदत साधारण तीन-चार आठवड्यांची असते, पण उन्हाळ्यात बऱ्याच कौन्सिलांच्या बैठका कमी होतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला पाहिजे.

अर्जाआधी कॅलेंडर उघडा. २०२६ मध्ये १५ ऑगस्ट शनिवारी येतो, २०२७ मध्ये रविवारी. दोन्ही वेळा सिटी हॉल बंद. लगेच सुचतं ते शुक्रवारचं, पण २०२६ मध्ये तो शुक्रवार १४ ऑगस्टचा, म्हणजे पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. शहरात पाकिस्तानी मंडळ असेल तर तो खांब त्यांनी आधीच मागितलेला असण्याची शक्यता धरा. भांडत बसण्यापेक्षा गुरुवार घ्या, किंवा शनिवारी कर्मचारी येईल का ते विचारा. घोषणापत्रावर तारीख मात्र १५ ऑगस्टच हवी, समारंभाची नव्हे.

मसुदा मंडळानंच लिहून द्यायचा असतो, आणि सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. आपल्या सरकारी कागदांतलं 'ज्याअर्थी… त्याअर्थी' आठवा. इंग्रजी घोषणापत्राचा साचा तोच. चार ते सहा 'ज्याअर्थी' आणि शेवटी एक 'त्याअर्थी', सगळं एका पानात. आशय असा ठेवा (नमुन्यादाखल इथं तीनच 'ज्याअर्थी' दिले आहेत):

ज्याअर्थी, भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला;
ज्याअर्थी, या शहरात भारतीय वंशाचे डॉक्टर, शिक्षक, दुकानदार आणि बसचालक राहतात;
ज्याअर्थी, अर्जदार मंडळ शहराच्या अन्नपेढीसाठी दरवर्षी धान्य गोळा करतं;
त्याअर्थी, मी, या शहराचा मेयर, १५ ऑगस्ट हा 'भारतीय स्वातंत्र्यदिन' म्हणून घोषित करतो.

तिसरं कलम सगळ्यात कामाचं, कारण मेयरला आपल्या शहराशी नातं दिसायला हवं असतं. पाच हजार वर्षांच्या संस्कृतीवर तीन कलमं खर्च करणारा मसुदा कात्रीखाली जातोच. पक्ष, पंतप्रधान, धर्म आणि प्रायोजकांची नावं टाळा. नकाशा जोडू नका. इंटरनेटवरून उचललेल्या नकाशात काश्मीरची रेषा कुठं आहे यावरून समारंभातच वाद पेटतो. आकडाही तपासा: २०२६ चा स्वातंत्र्यदिन ऐंशिवा, पण वर्षं पूर्ण झाली एकोणऐंशी. इंग्रजीत 'अ‍ॅनिव्हर्सरी' लिहिलं तर ७९, 'इंडिपेन्डन्स डे' लिहिलं तर ८०.

झेंड्याचं प्रकरण वेगळं. बॉस्टन शहराविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये एकमतानं निकाल दिला: शहर मागेल त्याला खांब देत असेल आणि निवड करत नसेल, तर धार्मिक म्हणून एखादा झेंडा नाकारता येत नाही. त्यानंतर अनेक शहरांनी लेखी धोरण केलं. कुठं प्रत्येक झेंड्याला कौन्सिलची मंजुरी लागते, कुठं बाहेरचे झेंडे बंदच झाले. म्हणून आधी ध्वजधोरणाची प्रत मागा. नियमात बसत नसेल तर क्लर्कशी हुज्जत घालून उपयोग नाही.

परवानगी मिळाली की झेंडा मापून घ्या. अमेरिकी दुकानांत सर्रास मिळतो तो ३ बाय ५ फुटी. तिरंग्याची लांबी-रुंदी ३:२ असते, त्यामुळे ३ बाय ५ चा झेंडा जास्तच लांबोडका दिसतो. ४ बाय ६ फुटी मागवा. प्रमाण अचूक, आणि अमेरिकी झेंडाही त्या मापात मिळतो. अमेरिकी ध्वजसंहितेनुसार दोन राष्ट्रांचे झेंडे वेगळ्या खांबांवर, सारख्या उंचीवर आणि साधारण सारख्या आकाराचे हवेत. एकाच खांबावर अमेरिकी झेंड्याखाली तिरंगा लावायची सूचना आली तर नम्रपणे नाही म्हणा. खादीचा झेंडा आणणार असाल तर कडी बघा: इथल्या दोरीला धातूचे हूक असतात, ते झेंड्याच्या पितळी भोकांत अडकतात. खादीच्या झेंड्याला शिवलेली दोरी आणि लाकडी गुल्ली असते, ती त्या हुकांत बसत नाही.

फुलांच्या पाकळ्या बांधून वर गाठ सोडायची हौस असेल तर आदल्या दिवशी त्याच खांबावर, त्याच दोरीनं करून बघा. गाठ ओली झाली की सुटत नाही, आणि वीस फुटांवर अडकलेली गुंडाळी खाली उतरवताना सगळे मोबाइल वर असतात. १५ ऑगस्टला तसंही झेंडा खालून वर चढवायचा असतो. वर बांधून उलगडण्याची पद्धत २६ जानेवारीची. केशरी पट्टा वर आहे ना, हे हूक अडकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी बघावं. त्या दिवशी अमेरिकी झेंडा अर्ध्यावर उतरवण्याचा आदेश निघालाय का, तेही सकाळी विचारून घ्या.

घोषणापत्र हातात पडलं की व्यासपीठावरच वाचून घ्या. मंडळाच्या नावातलं स्पेलिंग हमखास चुकतं आणि मेयर समोर असताना दुसरी प्रत लवकर मिळते. ही मान्यता दरवर्षी नव्यानं मागावी लागते, आपोआप पुढं चालत नाही. मंजूर मसुदा, क्लर्कचा ईमेल आणि ध्वजधोरण पुढच्या सचिवाकडे एकाच फोल्डरमध्ये सोपवा.