कवितेचं पोस्टर करून घेताना या चुका टाळा

२७ फेब्रुवारी जवळ आला की नागपूरच्या शाळांच्या व्हरांड्यांत कवितांची पोस्टरं लागतात. परीक्षक म्हणून बोलावलं की मी जातो आणि दरवर्षी तेच बघतो. कॅनव्हातलं टेम्प्लेट, कवीचा फोटो, कोपऱ्यात दौत आणि मोरपीस. वरचं शीर्षक बदललं तर तेच पोस्टर दुसऱ्या कोणत्याही कवितेला चालेल.

कवितेचं चित्र म्हणजे रसग्रहण, असं समजू नका

सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची. एका शाळेत दहावीच्या मुलांनी बालकवींच्या ‘औदुंबर’वर पोस्टर केलं होतं. मधोमध डेरेदार हिरवंगार झाड, मागे डोंगर, वर पिवळाधमक सूर्य, वरून दोन पोपट. तिथल्या मॅडमना पहिला नंबर त्यालाच द्यायचा होता. मी मुलांना कागदाची एक लांब पट्टी दिली. कविता आठ ओळींची, म्हणून आठ रकाने आखायचे, आणि ज्या ओळीत कवीने जो रंग लिहिलाय तेवढाच त्या रकान्यात भरायचा. मनाचं काही नको.

पहिला रकाना हिरवा, दुसरा निळासावळा, तिसरा कोरा, चौथा पुन्हा हिरवा, पाचव्यात पांढरी पायवाट. सहाव्यात हिरवा आणि काळा दोन्ही, सातव्यात नुसता काळिमा. आठवा कोराच राहिला. तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, “सर, झाडाले तं रंगच नाही!”

कवितेचा शेवटचा शब्द औदुंबर, आणि त्यालाच रंग दिलेला नाही. पोस्टरवर मात्र तो अर्धा कागद भरून हिरवा. मग वर्ग आपसात भांडायला लागला. पायवाट डोहाकडेच का जाते? काळिमा ‘गोड’ कसा काय? कृतिपत्रिकेतल्या रसग्रहणाच्या प्रश्नाला गाईडमधलं ठरावीक उत्तर पाठ करणारी हीच मुलं. लागलं काय, तर स्केचपेन आणि अर्धा तास. बक्षीस शेवटी पोपटांनाच गेलं, ते सोडा.

तेव्हापासून माझ्या तासाला पट्टी आधी, लॅपटॉप नंतर. ज्यांना पहिल्याच दिवशी टेम्प्लेट उघडायची घाई असते त्यांना मी कविता वहीत हाताने उतरवायला लावतो. कुरकुर करतात, करू द्या.

शब्दमेघावर आंधळा विश्वास

शब्दमेघ म्हणजे वर्ड क्लाउड: जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा दाखवणारं चित्र. तंत्रस्नेही शिक्षकांचं हे लाडकं खेळणं. कथा चिकटवायची, बटण दाबायचं, सगळ्यात मोठा शब्द दिसला की ‘हा कथेचा गाभा’ म्हणून मोकळं व्हायचं. मराठीत तो गाभा बहुतेक वेळा ‘आणि’ नाहीतर ‘होता’ निघतो, कारण असले शब्द वगळायची यादी त्या साधनाकडे इंग्रजीची असते. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. घर, घरात, घराला, घरातून हे त्याच्या लेखी चार वेगळे शब्द. आईच्या घराभोवती फिरणाऱ्या कथेत ‘घर’ कुठे दिसतच नाही, ते यामुळे. काही साधनं तर मात्रा-वेलांटीपाशीच शब्द तोडतात आणि पडद्यावर नुसती अक्षरं तरंगतात.

व्हॉयंट या मजकूर तपासायच्या ऑनलाइन साधनात वगळायच्या शब्दांची यादी स्वतः घालता येते, ती मुलांकडूनच करून घ्या. ‘नाही’ वगळायचा की ठेवायचा यावर वाद झाला तर होऊ द्या, तास सार्थकी लागला. रूपं मात्र मी हातानेच एकत्र करतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते करता करता कथा पुन्हा वाचून होते. शॉर्टकट मारणाऱ्यांचं नेमकं हेच वाचन राहून जातं.

बाकीच्या चुका

कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला जुना मजकूर थेट चिकटवू नका, इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. युनिकोडमध्ये बदलायला कन्व्हर्टर वापरलात तर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. आपल्याकडे अर्धा बाजार हिंदी पाट्यांचा, त्यामुळे दंडाचा ल मुलांना खटकतही नाही.

गझलेच्या पोस्टरवर चंद्र आणि गुलाब बंद करा. ज्या शहरात सुरेश भटांच्या नावाचं सभागृह आहे तिथे तरी रदीफ (ओळीच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द) एका रंगात, काफिया (त्याआधीचं यमक) दुसऱ्या रंगात दाखवा. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळींना तेच रंग येतात आणि पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीला, हे मुलांना व्याख्या न सांगता दिसतं.

एआयला ‘या कवितेचं चित्र काढ’ सांगू नका. पुन्हा पोपटच येतील.

गुण सजावटीला देऊ नका. मी पोस्टरखाली चार ओळी लिहून मागतो: हा रंग इथे का, हा शब्द मोठा का. ‘छान दिसतं म्हणून’ असं उत्तर आलं की शून्य.

आणि बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) छपाईला देताना उघडी फाइल देऊ नका. दुकानातल्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचा फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ द्या, आणि फ्लेक्स निघण्याआधी तिथेच उभं राहून प्रत्येक ओळ वाचा.