सीएनसी मशीन लावताय? आधी अर्थिंगचा खड्डा बघा

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन. फ्रेम, मोटारी, त्यांना करंट देणारे ड्रायव्हर बोर्ड, पाने, मल्टिमीटर हे सगळं जमवलं असेलच, त्यावर वेळ घालवत नाही. पहिलं काम अर्थिंग. मशीन टेबलावर चढवायच्या आधी अर्थिंग. मागच्या मे महिन्यात मी हे एक सोडून बाकी सगळं केलं, आणि आठ दिवस अन् सागवानाची एक चांगली फळी घालवून बसलो.

सोयऱ्यांच्या नव्या घराची पाटी कोरायला घेतली होती. दोन अक्षरं झकास. तिसऱ्याच्या वेलांटीत मशीन थांबलं आणि स्क्रीनवर अलार्म १. म्हणजे लिमिट स्विच, मशीन टोकाला गेलं की थांबवणारा, दाबला गेला. पण स्विच तर तिथून वीतभर लांब! स्विच बदलला, वायर बदलली, दुसरा अर्डुइनो (मशीन चालवणारा बोर्ड) मागवला. अलार्म तोच. शेवटी कुलर करंट मारतो म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं जाता जाता मशीनच्या फ्रेमला उलटा हात लावून पाहिला. "हे बी झिनझिनते ना बाप्पा. खड्ड्यात पानी कवा टाकलं होतं?" कधीच नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की पाइपाच्या कडेनं माझी चार बोटं आत गेली. पाइप मातीला धड टेकलेलाच नव्हता.

एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, थोडा करंट आपल्या पत्र्यावर सोडतोच, त्याची रचनाच तशी असते. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो, नसेल तर फ्रेमवर बसून राहतो. स्पिंडलच्या, म्हणजे बिट फिरवणाऱ्या, मोटारीचा नॉइजही (विजेचा गोंधळ) मग लिमिटच्या वायरीत शिरतो आणि बोर्डाला वाटतं स्विच दाबला. तेव्हा खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का बघा, नटबोल्टचा गंज घासून वायर आवळा, पाणी ओता. उन्हाळाभर ओतत राहा. थ्री-पिनचं वरचं भोक उघडून मागे वायर आहे का तेही बघा, कित्येक घरांत ते नुसतं शोभेला असतं. मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. अर्थिंग कच्चं असलं तरी फेज आणि अर्थमध्ये तो खुशाल २३० दाखवतो. खरी परीक्षा दिवा लावून लोडवर होते, आणि ती वायरमनच्या हातूनच करून घ्या, स्वतः नको.

अर्थिंग झालं? नक्की? मग पुढं.

लिमिट स्विच एनसी पद्धतीनं (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) जोडा आणि जीआरबीएलमध्ये, म्हणजे अर्डुइनोतल्या प्रोग्रॅममध्ये, डॉलर ५ ची सेटिंग १ करा, वायर तुटली तरी लगेच कळतं. वायर शील्डवाली (जाळीचं आवरण असलेली) घ्या, शील्डचं एकच टोक अर्थला. स्पिंडलची वायर तिच्या शेजारून नेऊ नका. अर्डुइनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्ड व्हर्जन ३ या बोर्डावर झेडचा (वर-खाली जाणाऱ्या अक्षाचा) लिमिट स्विच छापलेल्या जागी लावला तर जीआरबीएल १.१ त्याला ओळखतच नाही, तो स्पिंडल-एनेबलच्या पिनवर लावायचा. यात माझी एक संध्याकाळ गेली, पण ते अर्थिंगपुढं काहीच नाही.

ए४९८८ ड्रायव्हर उलटा बसवला की जळतो. मोटारीची वायर चालू लाइनवर काढली तरी जळतो. करंट आधी मोजून लावा. ड्रायव्हरच्या बारीक रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल तर त्याच्या छोट्या स्क्रूवर ०.८ व्होल्ट म्हणजे १ अँपिअर. आपल्याकडं ४५ अंशांत पंख्याशिवाय ड्रायव्हर दम टाकतो आणि स्टेप गाळतो. म्हणून कुलरची हवा मशीनवर सोडाल, तर एमडीएफ (दाबलेल्या भुशाची फळी) फुगेल. कुलर आणि मशीन एका बोर्डावरही नको.

फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा, फरक आला तर चौकोन तिरका कापला जाणार. ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा) टी-८ स्क्रू, फेऱ्याला २०० स्टेपची मोटार, १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग), असा हिशेब असेल तर मिमीला ४०० स्टेप. १०० मिमी चालवून स्केलनं तपासा. ९८ भरले तर आधी कपलिंगचा स्क्रू आवळा, आकडे नंतर बदला.

लाइन जाणारच. एकदा होमिंग (लिमिट स्विचला टेकवून मशीनला तिची जागा दाखवणं) करून कामाचं शून्य जी-५४ या कप्प्यात ठेवलं असेल तर ते बोर्डाच्या मेमरीत राहतं. लाइन आल्यावर पुन्हा होमिंग केलं की तीच जागा सापडते. होमिंगचा कंटाळा केला की फळी गेली.

बाकी पटापट. पहिली फेरी हवेत, बिट फळीच्या वर १० मिमी ठेवून. मग एमडीएफच्या तुकड्यावर एका फेरीत १ मिमी, फीड (सरकायचा वेग) मिनिटाला ६०० मिमीपासून. मास्क लावा. क्लँप बिटच्या वाटेत नको. स्टॉपचं बटण हाताशी. सागवान सगळ्यात शेवटी.

आणि बटण दाबायच्या आधी खड्ड्यात एक बादली, पाइपाच्या कडेचे बुडबुडे थांबेपर्यंत.