सोलापूरहून परराज्यात बिऱ्हाड हलवताय? स्वतःच्या गाडीने जाताना या चुका टाळा

सोलापूरहून जयपूरला जायचं तर रस्ता चुकायची भीती नाही. कर्नाटकातल्या अंकोल्याहून पंजाबातल्या संगरूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आपल्या दारावरूनच जातो. तुळजापूर, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर. नंबर एकच, अंतर साधारण १३०० किलोमीटर. म्हणून बदलीची ऑर्डर हातात पडली की घरात ठराव होतो: सामान ट्रकने पाठवू, आपण आपल्या कारने जाऊ, तेवढंच पोरांचं फिरणं होईल.

बेत चांगला आहे. फसतो तो एका समजुतीमुळे. ट्रक आणि आपण मागेपुढे एकाच दिवशी पोचू, असं सगळे धरून चालतात आणि तसं जवळजवळ कधीच होत नाही. ट्रकचा प्रवास वेगळा, आपला वेगळा. हे डोक्यात ठेवलं नाही की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप होतात. मी जयपूर धरून लिहितोय. इंदूर किंवा कोट्याला जाणाऱ्यांना वाट हीच, फक्त आधी संपते.

फोनवर भाव ठरवणं

"साहेब, वन बीएचके का टू बीएचके?" एवढं विचारून जो आकडा सांगतो, त्याने तुमचा माळा पाहिलेला नसतो. घरी येऊन सामान बघितल्याशिवाय सांगितलेला भाव सामान भरायच्या दिवशी वाढतोच, आणि तेव्हा तुमचं अर्धं घर खाली उतरलेलं असतं, नाही म्हणायची सोय राहत नाही.

सोलापूरच्या घराची तर खास अडचण आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे प्रत्येक घरात बॅरल, पिंपं, टाक्या, कळशा, शिवाय "असू दे" म्हणून ठेवलेली दोन रिकामी बॅरल. वजन काही नाही, पण ट्रकमधली जागा हीच खातात, आणि भाडं जागेवर ठरतं. दोन चांगली ठेवा, त्यांच्यात चादरी आणि उशा कोंबून पाठवा. बाकीची शेजारी देऊन टाका, घेणारे रांग लावतील.

भाव ठरवताना विचारायचा खरा प्रश्न असा: गाडी फक्त आपली आहे की शेअरिंग? शेअरिंगमध्ये तीन-चार पार्ट्यांचं सामान एकत्र जातं, मध्ये कुठल्यातरी गोडाऊनला उतरतं, पुन्हा भरलं जातं. पूर्ण गाडीला तीन-चार दिवस लागत असतील तर शेअरिंगला आठ-दहा दिवस सहज. स्वस्त पडतं हे खरं. एकटा माणूस असेल तर मी शेअरिंगच सांगेन. पण घरात म्हातारं माणूस आणि शाळेची मुलं असतील तर वाचलेले पैसे जेवणावर आणि लॉजवर जातात.

"बॉर्डरवर चेकपोस्टचा खर्च" असं म्हणून कुणी जास्तीचे पैसे मागितले तर सावध व्हा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल नेताना जीएसटीसाठी काढायचा ऑनलाइन परवाना) लागत नाही. खोक्यातला नवाकोरा टीव्ही त्यात धरत नाहीत, त्याचं बिल सोबत द्या. बिल्टीची, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या ट्रान्सपोर्टच्या पावतीची, प्रत हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. विम्याचंही तोंडी बोलणं नको. कुठल्या वस्तूची किती किंमत धरली ते कागदावर हवं.

ट्रकवाल्याला "चाळीसगावला भेटू, तिथून सोबत जाऊ" असं सांगणारेही असतात. कन्नडचा औट्रम घाट २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अवजड वाहनांना बंद केला. तुमची कार घाटातून उतरेल, मोठा ट्रक वळसा घालून जाईल.

सगळं "महत्त्वाचं" सामान ट्रकमध्ये भरणं

इथे नीट थांबून विचार करा. ट्रक आठ दिवस उशिरा येणार असं समजून कार भरायची. नव्या घराचं कुलूप उघडल्यावर पहिल्या रात्री काय लागेल? झोपायला दोन चादरी (सोलापुरी चादर अंथरायला, पांघरायला आणि फ्रिजला गुंडाळायला, तिन्हीला चालते), एक बादली-मग, छोटा कुकर, इंडक्शन, चार ताटल्या, चाकू, टेस्टर, एक बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, झाडू, बाथरूमचा साबण. ही एक पेटी डिकीत सगळ्यात शेवटी ठेवायची, म्हणजे सगळ्यात आधी हाताला येते. लोक नेमकं उलटं करतात: ही पेटी खाली आणि वर प्रवासाच्या बॅगा.

दागिने, घराची कागदपत्रं, मुलांचे मूळ दाखले, लॅपटॉप, वीस दिवसांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हे कारमध्ये. रात्री लॉजवर थांबलात की ही पिशवी खोलीत न्यायची. इन्सुलिन असेल तर थंड पिशवीत, पण बर्फाला थेट चिकटून नको, गोठलं की वाया गेलं.

खोक्यांवर नुसतं "किचन" लिहू नका. घरात बारा खोकी किचनचीच निघतात. "किचन ४: तवा, पोळपाट, कुकर, शिट्टी पिशवीत" असं लिहा, आणि तेच एका वहीत. उतरवून घेताना हीच वही कामाला येते.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवून, पुसून कोरडा करायचा. सकाळी बंद करून दुपारी चढवला तर पाणी खालच्या गादीवर. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम घट्ट बसवायला बोल्ट असतात, नव्या मशीनसोबत आलेले. माळ्यावर शोधा. ते न लावता मशीन तेराशे किलोमीटर हादरलं तर ड्रमचं काम निघतं. बाईक पाठवत असाल तर टाकीतलं पेट्रोल काढा, आरसीची झेरॉक्स द्या, मूळ आरसी नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत ॲसिड असतं, ती आडवी ठेवायची नाही. जुनी झाली असेल तर इथेच मोडीत द्या.

आणि ज्वारी. आई म्हणणार, "वर्षाची भरून ठेवलीय, कोठी घेऊनच चल की रे." बाजरी जयपुरात हवी तेवढी मिळेल, पण मंगळवेढ्याची ज्वारी तिथल्या किराणा दुकानात कुठून यायची? तेव्हा आईचंही चूक नाही. वीस-पंचवीस किलो घ्या, काळं तिखट घ्या, पण पत्र्याची कोठी आणि दोन पोती नकोत. ट्रक वाटेत पावसात सापडला तर धान्याला कोंब आणि कीड, शेजारच्या गादीलाही वास. लोणच्याच्या बरण्या ट्रकमध्ये कधीच नाहीत, कितीही फडकी बांधली तरी तेल बाहेर येतं.

भरलेला गॅस सिलिंडर तर ट्रकमध्येही नाही आणि कारमध्येही नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही एजन्सीला परत करा, डिपॉझिट घ्या, आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे इथलं कनेक्शन बंद केल्याचा कागद, न विसरता. त्यावरच जयपुरात कनेक्शन मिळतं. हे काम निघायच्या आदल्या दिवशी ठेवलं की एजन्सी नेमकी बंद असते. चार दिवस आधी उरकून इंडक्शनवर या.

कागद मागे ठेवणं

मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला आपल्या शाळेतून घेतला की काम झालं असं वाटतं. परराज्यातली शाळा बऱ्याचदा त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागते. ती इथूनच घ्यावी लागते. पुन्हा सोलापूरला यायचा खर्च दाखल्याच्या कागदापेक्षा फार मोठा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा मे-जूनमध्ये पोचणाऱ्यांनी नव्या शाळेशी आधी बोलून ठेवा.

गाडीचं प्रकरण दोन तऱ्हेचं आहे. एमएच १३ ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी सोलापूरच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती, आणि थकलेली ई-चलनं भरलेली हवीत. बदली सात-आठ महिन्यांचीच असेल तर यात पडू नका. तिथेच राहायचं पक्कं असेल तर एनओसीचं काम इथे असतानाच सुरू करा. तिथला रोड टॅक्स भरल्यावर इथल्या उरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज करता येतो, पुष्कळ लोक तो करतच नाहीत. लायसन्सची काळजी नको, ते देशभर चालतं.

तुळजापूरला "अर्ध्या तासात दर्शन"

निघताना आईचं दर्शन घ्यायचंच, त्यात वाद नाही. पण तुळजापूर अवघं ४५ किलोमीटरवर, म्हणून ते हिशोबात धरलं जात नाही. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा असेल तर अर्धा दिवस गेला, मग संभाजीनगर गाठायला रात्र, आणि पुढचं सगळं वेळापत्रक अंधारात. दर्शन आदल्या दिवशी करून या.

उसाचा हंगाम असेल, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, तर पहाटे चारला निघायचा हट्ट सोडा. आपल्या जिल्ह्यात कारखाने किती आणि रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या किती हे तुम्हाला सांगायला नको. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि दोन ट्रॉल्या एकामागे एक. उजाडू द्या, मग निघा.

टप्पे पाडताना सगळ्यांचा डोळा असतो तो "दोन दिवसांत जयपूर"वर. घर रिकामं करून दमलेला माणूस गाडी चालवतोय हे विसरतात. सामान भरायच्या दिवशीच दुपारी निघणं ही त्यातली सगळ्यात वाईट चूक. माझ्या मते पहिला मुक्काम संभाजीनगर, ३१० किलोमीटरच्या आसपास, मुद्दाम लहान. दुसरा इंदूर, हा टप्पा लांब, कन्नडचा घाट आणि सेंधव्याआधीचा बिजासन घाट दोन्ही यातच, म्हणून ते उजेडात. खलघाटला नर्मदा ओलांडताना मुलांना जागं करा. तिसरा कोटा. झालावाड सोडल्यावर दरा नावाच्या गावाजवळच्या अरुंद खिंडीत ट्रकांची कोंडी ठरलेली, तिथे दोन तास हातचे ठेवा. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत जयपूर. नव्या घरी रात्री पोचू नका. लाइट नाही, पाण्याचा कॉक सापडत नाही, घरमालक फोन उचलत नाही, हे सगळं रात्रीच होतं.

मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी टायर हा वेगळा विषय. गच्च भरलेली कार, वर कॅरियरवर गाद्या, खाली तापलेला डांबरी रस्ता. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी हवेचा आकडा वेगळा दिलेला असतो. तेवढी हवा सकाळी टायर थंड असताना भरा. गरम टायरचं प्रेशर जास्त दिसतं म्हणून हवा सोडू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. इतका जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी या प्रवासाला नको. आणि कॅरियरवरच्या गाद्या उतरवून ट्रकमध्ये टाका.

खाण्याचं सोपं आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी चार दिवस टिकते, दही वाटेत कुठेही मिळतं. घाटाआधी मुलांना पोटभर खाऊ घालू नका, एवढंच.

वाटेत अडलं तर

इंजिनचा काटा लाल रेषेकडे गेला: एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. अर्धा तास थांबा.

टोलवर फास्टॅग वाचला नाही: टॅग चालू असेल, शिल्लक असेल आणि बिघाड त्यांच्या मशीनचा असेल तर पैसे न घेता सोडायचा नियम आहे. वाद घालण्याआधी मोबाइलवर शिल्लक दाखवा. टॅगच बंद पडला असेल तर रोख देऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमात रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल ठरला होता. निघण्याआधी टॅगचं केवायसी बघून घ्या.

महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, अपघातात ११२. आधी माणसं कठड्याच्या पलीकडे उभी करा, फोन मग.

ट्रकचा ड्रायव्हर फोन उचलत नाही: बिल्टीवर बुकिंग ऑफिसचा आणि गाडीचा नंबर असतो, तिकडे विचारा. गाडी सोलापुरातून सुटताना नंबरप्लेटचा फोटो काढलेला असेल तर बोलणं पटकन मुद्द्यावर येतं.

ट्रक दारात आला आणि उतरवायच्या आधी जादा पैशांची मागणी झाली: ठरलेला भाव व्हॉट्सॲपवर लिहून घेतला असेल तरच तुमची बाजू भक्कम. म्हणून सगळी रक्कम आधी देऊ नका, मोठा हिस्सा सामान उतरल्यावर. वही घेऊन दारात उभे राहा, खोकं आलं की टिक करा. फुटलेलं-चेपलेलं दिसलं तर पावतीवर सही करतानाच तसं लिहा आणि फोटो काढा. कोरी सही करून दिल्यावर विम्याच्या दाव्यात काही उरत नाही. हमाल "साहेब, आम्हाला पुढे जायचंय" म्हणून घाई करतील. फ्रिज उभाच उतरवून घ्या, तीन-चार तास तसाच राहू द्या, नंतर बटण दाबा.