मुक्ताईचा अभंग सूफींच्या शेजारी ठेवून कसा वाचावा

चातुर्मासात गावोगावी भजनं चालू असतात, तेव्हा हा अभ्यास सुरू करायला सोपं जातं. पाच-सात जण, दीड तास आणि एका बैठकीला एकच रचना. दोन घेतल्या की चर्चा हमखास ‘सगळे संत एकच सांगतात’ इथे येऊन थांबते.

सगळ्यांच्या हातात एकच गाथा हवी, नाहीतर अर्धा वेळ पाठभेदात जातो. टाळ बाजूला ठेवून अभंग दोनदा सावकाश वाचा, कारण चालीच्या ओघात शब्द निसटतात. मग वहीत तीन रकाने आखा: अनुभव कोणाला आला, त्यानंतर मागे कोण उरलं, उरलेल्याला बोलता येतं का. पंथ आणि शतक पानामागे लिहा. ते आधी दिसलं की माणूस उत्तर ठरवूनच वाचतो.

‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी’ घ्या. फारसी सूफी कवी अत्तारचा पतंग ज्योतीत जळतो. ज्याला कळलं तो सांगायला उरत नाही. नारदभक्तिसूत्रांतलं 52वं सूत्र म्हणतं ‘मूकास्वादनवत्’: चव घेणारा आहे, पण मुका आहे. मुक्ताईच्या अभंगाचा शेवट मात्र ‘देखोनी मुक्ताई हासली’. पाहणारी उरली, हसली, वर अभंगही रचला! शिवाय इथे लहान मोठ्याला गिळतं. थेंब सागरात विरण्याच्या हे नेमकं उलट आहे. म्हणून रकान्यात घाईने ‘फना’, म्हणजे मीपण विरून जाणं, असं लिहू नका. सूफी फनानंतर ‘बका’ सांगतात, म्हणजे मीपण गेल्यावर ईश्वराच्या ठायी टिकून राहणं. तुलना करायचीच तर तिथून सुरू करा, आणि फरक उरेल तोही लिहा.

यानंतर ज्ञानदेवांनी योगी चांगदेवांना लिहिलेली चांगदेव पासष्टी. 65 ओव्या, बैठकीला पाच, म्हणजे 13 बैठका. जमल्यास एक बैठक तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेव गावीच घ्या. इथे मात्र रकाने अडतात. ज्ञानदेव आरशातल्या मुखाचा दृष्टांत देतात: पाहणारा आणि दिसणारा मुळात दोन नाहीतच, मग ‘मागे कोण उरलं’ हा प्रश्न कोणाला विचारणार? अशा वेळी ओढूनताणून उत्तर भरू नका. रकाना कोरा ठेवा, शेजारी ओवीचा क्रमांक घाला आणि प्रश्न का लागू पडला नाही ते दोन ओळींत लिहा.