परदेशात कार्ड चोरीला गेलं? ब्लॉक करून थांबू नका, तक्रार क्रमांक घ्या

जळगाव-भुसावळकडची मंडळी आता दुबई, बँकॉक, सिंगापूरला सर्रास जातात. कोणी सहलीला, कोणी केळीच्या व्यवहारासाठी, कोणी मुलाकडे. मी इथून गट घेऊन जातो. पाकीट मारलं गेलेला माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याने आधी गावाकडे फोन केलेला असतो. "जिभाऊ, शाखेत जा, साहेबांना सांग, माझं कार्ड बंद करा." साहेब कितीही ओळखीचे असोत, हा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. शाखा उघडेपर्यंत खातं रिकामं होऊ शकतं.

कार्ड बंद करा. बँकेच्या ॲपमध्ये शिरा, आधी तात्पुरतं लॉक करा, मग कायमचं ब्लॉक करा. खिशात जितकी कार्डं होती तितकी सगळी. ॲप उघडत नसेल तर बँकेच्या +९१ ने सुरू होणाऱ्या नंबरावर फोन करा. १८०० वाले नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत. हा नंबर निघण्याआधी कागदावर लिहून बॅगेत ठेवायचा असतो, कारण तो गुगलवर शोधणं धोक्याचं आहे. 'कस्टमर केअर' म्हणून वर दिसणारे कित्येक नंबर ठगांचे असतात. ते 'कार्ड बंद करून देतो' म्हणत ओटीपी मागतात किंवा फोनवर एखादं ॲप टाकायला लावतात. कार्ड बंद करायला पिन लागत नाही. मागितला की फोन ठेवा.

फोनही गेला असेल तर सिम लगेच बंद करून घ्या. इथे मात्र घरच्यांची खरी मदत होते. ते कंपनीला फोन लावून सांगू शकतात.

आता तक्रार. सगळं अडतं ते इथे, आणि जवळपास प्रत्येकजण हीच पायरी गाळतो. कार्ड ब्लॉक झाल्याचा मेसेज आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. पण ब्लॉक करणं म्हणजे पुढचे पैसे वाचवणं. गेलेल्या पैशांबद्दल 'हा व्यवहार मी केलेला नाही' अशी वेगळी तक्रार नोंदवावी लागते. फोनवरचा माणूस ती आपणहून नोंदवेलच असं नाही.

मीही यात अडकलो आहे. आमच्या गटातल्या एका काकांचं कार्ड बँकॉकच्या बाजारात गेलं. ब्लॉक करेपर्यंत त्यावर दोन खरेद्या झाल्या होत्या. मी बँकेला फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "रक्कम अजून सेटल झालेली नाही, खात्यात पक्की दिसली की फोन करा." आम्ही थांबलो. नंतर तीच बँक म्हणाली, कळवायला उशीर झाला. त्या पैशांसाठी काकांना जे हेलपाटे पडले, ते आठवले की आजही चीड येते.

म्हणून ठामपणे सांगतो, 'नंतर फोन करा' हे उत्तर कधीच मान्य करू नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठी तसंच दुसरं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. त्यात म्हटलंय की चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर बोजा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये सोसावे लागतात. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. दिवस मोजायचे ते तुमच्या मूळ शाखेच्या कॅलेंडरप्रमाणे, सूचना आली तो दिवस सोडून. गुरुवारी रात्री मेसेज आला आणि मध्ये दुसरा शनिवार पडला, तर तिसरा दिवस मंगळवार. पण त्या मंगळवारची वाट पाहू नका, त्याच रात्री कळवा.

फोनवर हे शब्द वापरा: "अनधिकृत व्यवहाराची तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक द्या." क्रमांक देणं बँकेवर बंधनकारक आहे. लगेच बँकेच्या अधिकृत ईमेलवर तेच लिहून पाठवा: कार्डाचे शेवटचे चार आकडे, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, दुकानाचं नाव, कार्ड कधी गेलं, कधी ब्लॉक केलं, तक्रार क्रमांक. वेळ लिहिताना तिथली आणि भारतातली दोन्ही लिहा. बँकॉक आपल्या दीड तास पुढे, दुबई दीड तास मागे. मध्यरात्रीच्या व्यवहारात एवढ्यावरून तारीख बदलते आणि मग कागद जुळत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. हा तुमचा निष्काळजीपणा धरला जातो. मग कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि 'मला तर ओटीपी आलाच नाही, मग पैसे कसे गेले' यावर वाद घालत बसू नका. परदेशी वेबसाइटवर कित्येकदा ओटीपीशिवाय पैसे कापले जातात. तो आला नाही हे तक्रारीत जरूर लिहा, तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

पोलिसात नोंद करा, लेखी प्रत घ्या. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, दुबईत तातडी नसेल तर ९०१. पासपोर्टही गेला असेल तर ही प्रत भारतीय दूतावासात लागतेच. आपल्याकडची सायबर तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करा. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा नंबर परदेशातून लागेल या भरवशावर राहू नका, घरच्यांना लावायला सांगा.

तोवर खर्चाचं काय? दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत असलं की प्रश्न मिटतो. नसेल तर कार्डावर ज्यांचं नाव असतं त्या व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांच्या मदत केंद्रांतून तातडीचं कार्ड किंवा रोख मिळण्याची सोय असते. बँकेला त्याबद्दल विचारा.

घरी आल्यावर शाखेत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घ्या. 'साहेबांना सांगितलंय' याला पुरावा म्हणत नाहीत. त्याच परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत निकाल लागायला हवा. तुमची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, तुमची नाही. अर्ज फेटाळला किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन इथे तक्रार करा. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, मुंबईलाही जावं लागत नाही. पहिल्या रात्रीचा तो ईमेल तिथे जोडा.