उतारा पडद्यावर वाच, बारक्या

बारक्या, फोनवर तीनदा सांगून झालं आणि तिन्ही वेळा तू "हो ताई, हो ताई" करून विषय मॅचवर नेलास. म्हणून आता लिहूनच काढतेय. यंदा एफवाय सांभाळून मीही सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाच्या परीक्षेला, परत बसतेय, तेव्हा ही यादी निम्मी तुझ्यासाठी आणि निम्मी माझ्यासाठी. इंग्रजीच्या पेपराची, त्यातही उताऱ्यांची.

सगळ्यात आधी माझा घोळ ऐक, म्हणजे पुढं मी एकाच गोष्टीवर का अडून बसते ते कळेल. 2025 च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्याकडं सोडवलेल्या उताऱ्यांची बुटाची एक खोकी भरून होती. सगळे छापील. क्लासनं दिलेले, झेरॉक्स काढून आणलेले, एका सिनियर दीदीकडून घेतलेले. पेन्सिलीनं महत्त्वाच्या ओळीखाली रेघ, 'बट' आणि 'हाउएव्हर'ला गोल, अवघड शब्दावर चांदणी. हात इतका बसला होता की रेघ मारल्याशिवाय मला वाक्य कळायचंच नाही. हे तेव्हा लक्षात आलं नाही, हीच तर गंमत. दीदीनं सांगितलं होतं, इंग्रजीचा पेपर कागदावर असतो, गोल रंगवायचे, आणि पन्नासातले दहा सोडले तरी चालतात. ती खोटं बोलत नव्हती. 2024 ला तसंच होतं. 2025 ला सगळे विषय कॉम्प्युटरवर गेले आणि पन्नासच्या पन्नास प्रश्न सक्तीचे झाले. पेपर कॉम्प्युटरवर आहे हे मला प्रवेशपत्रावरून कळलं होतं. कळून मी काय केलं? काही नाही. "त्यात काय, स्क्रीनवर वाचायचं," असं म्हणून परत पेन्सिलीला टोक काढत बसले.

परीक्षेत डावीकडं उतारा, उजवीकडं प्रश्न. उतारा एका नजरेत मावत नाही, खालचा भाग माउसनं ओढून वर आणायचा. मी ओळीखाली रेघ मारायला हात उचलला आणि हात तसाच टेबलावर ठेवला. नजर ओळीवरून घसरत होती, एकच ओळ दोनदा वाचली जात होती. पहिल्या उताऱ्यालाच घड्याळातली नऊ मिनिटं गेली. शेवटी अकरा प्रश्न उघडलेसुद्धा नाहीत, आणि त्यात शब्दांचे साधे प्रश्न होते, जे मला झोपेत आले असते. बाहेर आले तर वळीव कोसळत होता. पप्पा स्कूटरवर रेनकोट घेऊन उभे. "कसा गेला?" मी म्हटलं, "चला घरी."

तेव्हा यादीतली पहिली गोष्ट: पडद्यावर वाचायचा सराव. दुसरीही तीच. मोबाईलवर वाचतोसच की, असं म्हणू नकोस. मोबाईल हातात असतो, अंगठ्यानं सरकतो, डोळ्याजवळ येतो. परीक्षेतला मॉनिटर हातभर लांब, उभा आणि माउसचा. घरी कॉम्प्युटर नाही हे मला माहीत आहे, माझ्याकडंही नव्हता. तुझ्या गल्लीच्या तोंडाला एमएससीआयटीचं सेंटर आहे ना, तिथं जा. बॅच नसते त्या वेळात मशीन मोकळी पडलेली असतात, तासाचे थोडे पैसे घेऊन बसू देतात. नाही तर कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचार, नाही तर जिथं फॉर्म भरलास त्या कॅफेत. आठवड्यातून दोन तास तरी. तिथं बसून ही परीक्षा घेणाऱ्या नॅशनल टेस्टिंग एजन्सीच्या संकेतस्थळावरच्या सराव चाचण्या सोडव, फुकट आहेत आणि बटणं खऱ्यासारखीच आहेत. 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं तरच उत्तर नोंदलं जातं. नुसता पर्याय टिचकवून कडेच्या आकड्यावरून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारलीस तर उत्तर गेलं. जांभळा रंग म्हणजे परत बघायला ठेवलेला प्रश्न. उत्तर देऊन ठेवला असेल तर मोजतात, न देता ठेवला असेल तर शून्य. हे वाचून कळत नाही, हातानं करावं लागतं.

रेघ मारता येत नाही त्याला उपाय कच्च्या कामाचा कागद. तो केंद्रावर मिळतो. एक परिच्छेद वाचून झाला की कागदावर दोन-तीन शब्द, तेही मराठीत. "धरण का बांधलं." "विरोधक काय म्हणतात." "लेखक उलटा." बस्स. वाक्यं लिहायची नाहीत, अक्षर कुणी तपासत नाही. मग प्रश्न आला की उतारा पहिल्यापासून वाचायला लागत नाही, कागद बघायचा आणि नेमका त्या परिच्छेदावर जायचं. आणि वाचताना माउसचा बाण ओळीवरून सरकवत न्यायचा, लहानपणी पाढे वाचताना बोट फिरवायचो तसं. दिसायला बावळट दिसतं. करायचं. मला हे सेंटरवर तिसऱ्या दिवशी सुचलं आणि नजर घसरायची थांबली.

आकडे एकदा डोक्यात पक्के कर. 50 प्रश्न, 60 मिनिटं, बरोबरला 5, चुकीला उणे 1, एकूण 250. म्हणजे प्रश्नामागं 72 सेकंद, आणि उतारा वाचायचा वेळ त्यातच. उतारा 300 ते 350 शब्दांपर्यंत असतो. तू मिनिटाला किती शब्द वाचतोस ते एकदा मोज. 300 शब्दांचा मजकूर घे, फोनवर घड्याळ लाव आणि खरं सांग. मला सुरुवातीला तीन मिनिटं लागायची. कळून वाचायला लागलेला वेळच मोजायचा, डोळे फिरवायला लागलेला नाही. आणि तो पडद्यावर मोज, कागदावर नको. सांगितलं ना एकदा? परत सांगते.

माहितीपत्रक दरवर्षी नवं निघतं, ते स्वतः वाच. कुणाच्या दीदीचं ऐकू नकोस, माझंही नको.

साहित्य ढीगभर गोळा करू नकोस. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची इंग्रजीची पुस्तकं फुकट उतरवून मिळतात. त्यातले धडे गोष्टीसारखे वाच, कारण सीयूईटीत माहितीपर उताऱ्यांबरोबर साहित्यिक आणि कथनात्मक उतारेही असतात. आपण बोर्डाची मुलं तिथंच अडखळतो. बोर्डाचं युवकभारतीचं पुस्तक आहेच, पण बोर्डाच्या कृतिपत्रिकेत उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं असतं, थोडं इकडं तिकडं झालं तरी गुण पडतात. इथं चार पर्यायांतले तीन मुद्दाम फसवायला बसवलेले. हा खेळच वेगळा. इंग्रजी पेपर घरी घ्यायला नको, कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बस. 1850 पासूनची संस्था आहे, आजोबा लोक सकाळी पेपरवर झडप घालतात, तू जरा उशिरा जा. रोज संपादकीय पानावरचा एकच लेख. वाचून झाला की पान मिटून स्वतःला विचार, लेखक कुणाच्या बाजूनं आहे? सांगता आलं नाही तर परत वाच. पण हे झालं सवयीसाठी. कागदावरचं वाचन हा सराव नव्हे. मी वर्षभर तेच करत बसले होते.

आता उताऱ्याच्या आतलं. आपल्याला मोठे शब्द अडत नाहीत, छोटे शब्द अडतात. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ कुणीच नाही, 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत. एका 'अ'नं उत्तर फिरतं. 'हार्डली'चा कष्टाशी संबंध नाही, ते 'क्वचितच, जेमतेम'. 'ऑल बट एम्प्टी' म्हणजे जवळपास रिकामं, आणि 'एनीथिंग बट सेफ' म्हणजे सुरक्षित तर मुळीच नाही. दोन्हीत 'बट', अर्थ दोन टोकांना. 'अनलेस' आला की मराठीतलं "आल्याशिवाय नाही" आठव, गुंता सुटतो. लांबलचक वाक्य आलं की आधी क्रियापद शोध. आपलं क्रियापद शेवटी येतं म्हणून आपण शेवटपर्यंत वाट बघत बसतो, त्यांचं आधीच होऊन गेलेलं असतं. आणि "सम आर्ग्यू दॅट" असं सुरू झालं की सावध. ते लेखकाचं मत नसतंच बहुतेक. आपणही म्हणतोच की, "म्हणायला लोक म्हणतात..." आणि पुढं 'पण' लावतो. लेखकाचं मत त्या 'पण'च्या पुढं असतं.

अनुमानाच्या प्रश्नांसाठी तुला गेल्या रविवारी मी उतारा बनवून दिला होता, आठवतोय? शाहू महाराजांवरचा. चारच ओळी: 1902 साली महाराजांनी हुकूम काढला, हुकूम मिळाल्यानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागास वर्गांतल्या लोकांनी भरायच्या. प्रश्न, यावरून काय अनुमान निघतं? पहिला पर्याय, महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. दुसरा, हुकूम निघताच नोकरीतल्या निम्म्या लोकांना काढलं. तिसरा, आधीपासून नोकरीत असलेल्यांच्या जागांना या हुकमानं हात लावला नाही. चौथा, या एकाच हुकमानं संस्थानातली सगळी विषमता संपली. तू डोळे झाकून पहिला टिचकवलास आणि वर माझ्याशी भांडलास, "खरंच आहे की ताई, 1917!" खरंच आहे. पण उताऱ्यात कुठं आहे? कोल्हापूरच्या पोराला शाहू महाराजांबद्दल इतकं पाठ असतं की त्यांच्यावरचा उतारा आला तर चुकणार तोच आधी. तिथं तुझं ज्ञान कुणी विचारलेलं नाही. "रिकाम्या होणाऱ्या" या दोन शब्दांत तिसरा पर्याय बसलेला आहे, तेवढं दिसायला हवं. चौथ्यातला 'सगळी' आणि 'एकाच' बघ. 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर', 'ऑलवेज' असे शब्द पर्यायात आले की तो पर्याय उताऱ्यात अक्षरशः सापडतो का ते बघायचं, नसेल तर काट. आणि प्रश्नात 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' असेल तर कच्च्या कागदावर मोठी फुली मार. तीन खरे पर्याय आणि एक खोटा हवा असतो, आपण पहिला खरा दिसला की खूश होऊन पुढं जातो.

चुकांची वही ठेव. चूक का झाली ते एका शब्दात: घाई, शब्द, बाहेरचं ज्ञान, 'नॉट' दिसला नाही. पंधरा दिवसांत तुला तुझा रोग कळेल. माझ्या गेल्या वेळच्या वहीत 'पडदा' असा शब्द कधी आलाच नाही, कारण तेव्हा पडद्यावर बसलेच नव्हते. असो.

अंदाजानं उत्तर द्यायचं का, हे तू दर वेळी विचारतोस. हिशेब कर. चार प्रश्न आंधळेपणानं मारलेस, सरासरीनं एक बरोबर, तीन चूक. पाचातून तीन गेले, दोन उरले. म्हणजे तोटा नाही. एक पर्याय काटता आला तर आणखी बरं. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्यांवर काहीतरी टिचकव, कोरं सोडू नकोस. पण हा शेवटचा उपाय, सुरुवातीपासून सुटू नकोस. आणि हा हिशेब सीयूईटीपुरता. क्लॅटला, म्हणजे वकिलीच्या प्रवेश परीक्षेला, बसणाऱ्या तुझ्या त्या मित्राला चुकीला पाव गुण जातो आणि बरोबरला एकच मिळतो, शिवाय तिथले उतारे 450 शब्दांच्या आसपास. आणि तो पेपर कागदावर असतो, त्याला पेन्सिल लखलाभ.

समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्याचे तुकडे लावणं हे तुला येतं. त्यावर वेळ घालवू नकोस, पण परीक्षेत ते आधी उरकून घे. कडेच्या आकड्यांवरून उडी मारता येते. मी मारली नाही.

शेवटचा आठवडा: नवीन काही नाही, रोज एक पूर्ण चाचणी, 60 मिनिटं, पडद्यावर, पेपर ज्या वेळेला आहे त्याच वेळेला. केंद्राचं गाव आधी कळतं, कोल्हापूरच मिळेल असं धरून चालू नकोस. प्रवेशपत्र, ओळखपत्र, फोटो, पाणी. आदल्या दिवशी केंद्र बघून ये. जेवण साधं, कट वडा नको. बाकीचं प्रवेशपत्रावर छापलेलं असतं, वाच.

आणि उद्या सकाळी त्या सेंटरवाल्यांना विचारून ये. बारावीची परीक्षा संपली की मुलांच्या नव्या बॅच सुरू होतात, मग मशीन मोकळं मिळत नाही. मी विचारलंय, माझ्याकडच्या सेंटरवर संध्याकाळी सात ते आठ मिळतंय. तुला नाही मिळालं तर इकडं ये, आपण दोघं आलटून पालटून बसू. माउस तेवढा तुझा आण, इथल्याचं चाक अडकतं.